देणे घराहून मोठे : ‘इक्विटी’ या शब्दाची गोष्ट

‘डेथ ऑफ अ सेल्समन’ वर्गात शिकवताना शेवटच्या प्रवेशापाशी आले, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. विली लोमनचे दफन झाले आहे. थडग्यापाशी बसलेली लिंडा मृत नवऱ्याला सांगते आहे, की घराचा शेवटचा हप्ता आजच भरला. पंचवीस वर्षांचे कर्ज फिटले आणि घरात राहणारा माणूसच उरला नाही. या जागी वर्ग क्षणभर गप्प होतो, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, ‘‘सर, एवढी ओढाताण होती तर त्याने घर विकून का टाकले नाही?’’

प्रश्न भाबडा वाटतो, पण तसा तो नाही. त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे : घर विकले की देणे फिटते, वर चार पैसे हाती उरतात. आर्थर मिलरचे नाटक १९४९ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा हे गृहीत बहुतेक अमेरिकन घरांपुरते खरे होते. साठ वर्षांनी, २००९ च्या सुमारास, त्या देशातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या कर्जदार घरमालकांपुरते ते खोटे ठरले होते. एक कोटीहून अधिक घरांवरचे कर्ज घराच्या बाजारभावाहून मोठे झाले होते. ‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो, कारण बांधताना माणसाची कसोटी लागते. ही कसोटी मात्र घर बांधून, त्यात राहायला जाऊन, दारात झाड लावून झाल्यावर लागली.

अमेरिकन बोलीत अशा घराला ‘पाण्याखालचे घर’ म्हणतात. धरणात गावे गेलेल्या आपल्या मुलखात हा शब्दप्रयोग जरा जपूनच वापरावा लागतो, कारण आपल्याकडे पाण्याखाली गेलेले घर खरोखरच दिसेनासे होते. तेथे घर जागच्या जागी उभे असते. कौले शाबूत, दिवे लागलेले, अंगणातले गवत कापलेले. बुडालेला असतो तो फक्त हिशेब. आणि त्या हिशेबाला इंग्रजीत जे नाव आहे, त्याची कुळकथा हा या लेखाचा विषय आहे. ते नाव म्हणजे ‘निगेटिव्ह इक्विटी’.

*

आधी त्या घरमालकापुढे मार्ग कोणते होते, ते पाहू. समजा, एका कुटुंबाने २००६ मध्ये लास व्हेगासमध्ये तीन लाख डॉलरना घर घेतले आणि त्यासाठी दोन लाख सत्तर हजारांचे कर्ज काढले. त्या शहरात पुढच्या पाच-सहा वर्षांत किमती निम्म्याहून अधिक घसरल्या. म्हणजे घर आता एक लाख चाळीस हजारांचे, आणि देणे अजून अडीच लाखांच्या वर.

पहिला मार्ग सरळ : हप्ते भरत राहणे आणि भाव चढण्याची वाट पाहणे. नोकरी टिकली आणि गाव सोडावे लागले नाही, तर हा मार्ग शक्य होता. दुसरा, कमी व्याजाचे नवे कर्ज काढून जुने फेडणे. पण घराच्या किमतीहून मोठे कर्ज नव्याने कोण देणार? म्हणून २००९ मध्ये सरकारने ‘हार्प’ नावाची योजना आणली. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांकडची कर्जे तिच्याखाली बदलून घेता येत. तिच्यावरची कमाल मर्यादा २०११ च्या अखेरीस काढल्यावरच ती खऱ्या अर्थाने बुडालेल्यांपर्यंत पोचली. तिसरा मार्ग, आहे त्याच कर्जाच्या अटी बदलून घेणे. त्यासाठी २००९ मध्येच ‘हॅम्प’ ही योजना आली. हप्ता उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणावा, त्यासाठी व्याज उतरवावे, मुदत चाळीस वर्षांपर्यंत ताणावी, अशी तिची रीत होती. मुद्दल कमी करणे मात्र कर्जवसुली करणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर सोडलेले होते.

चौथा मार्ग, बँकेच्या संमतीने घर मिळेल त्या किमतीला विकणे आणि तुटीवर पाणी सोडायला तिला राजी करणे. पाचवा, घराचे खत आपणहून बँकेच्या नावे करून देणे, म्हणजे लिलावाची नामुष्की टळते. सहावा, हप्ते थांबवून निघून जाणे. काहींनी घराच्या किल्ल्या पाकिटात घालून बँकेला पोस्टाने पाठवल्या. त्या पाकिटाला किल्ल्यांच्या आवाजावरून ‘खुळखुळणारे टपाल’ अशा अर्थाचे नाव पडले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राहते घर घेण्यासाठी काढलेल्या मूळ कर्जाबाबत बँकेला लिलावानंतरची तूट ऋणकोच्या इतर मिळकतीतून वसूल करता येत नाही. तो नियमही १९३३ चा, मागच्या महामंदीतला. फ्लोरिडात मात्र तुटीसाठी बँक मागे लागू शकत होती. बँकेने सोडलेली तूट कायद्याने ऋणकोचे उत्पन्न धरली जाते आणि तिच्यावर प्राप्तिकर लागतो. राहत्या घरापुरती त्यातून सूट देणारा कायदा २००७ मध्ये करावा लागला.

सातवा मार्ग दिवाळखोरीचा, म्हणजे न्यायाधीशापुढे जाऊन ‘माझे देणे माझ्या ऐपतीशी जुळवून द्या’ असे म्हणण्याचा. वरकरणी हाच सर्वांत स्वाभाविक मार्ग. पण नेमक्या राहत्या घराच्या बाबतीत हे दार बंद होते. ते का बंद होते आणि पूर्वी कोणाकोणासाठी उघडले गेले होते, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

*

मध्ययुगीन इंग्लंडात जमीन गहाण टाकणे म्हणजे ती सावकाराच्या नावे करून देणेच असे. ठरलेल्या दिवशी पैसे परत केले तर जमीन परत, एक दिवसाचा उशीर झाला तर जमीन कायमची गेली. मग कर्ज दहा पौंडांचे आणि जमीन शंभराची का असेना. ‘मॉर्गेज’ या शब्दाचा अर्थच ‘मृत तारण’. पंधराव्या शतकातील कायदेपंडित लिटलटनने त्याची उपपत्ती अशी दिली, की पैसे न फेडले तर जमीन ऋणकोच्या लेखी मेली, आणि फेडले तर तारण धनकोच्या लेखी मेले. काहीही झाले तरी कोणाच्या तरी लेखी मरण आहेच.

सतराव्या शतकात चॅन्सरी न्यायालयाने या कठोरपणाला मुरड घातली. कायद्याच्या अक्षरापलीकडे जाऊन विवेकबुद्धीने न्याय देणारे ते न्यायालय. त्याच्या न्यायाला ‘इक्विटी’ म्हणत. मराठी विधिपरिभाषेत त्यासाठी ‘समन्याय’ हा फार नेमका शब्द आहे. चॅन्सरीने म्हटले : गहाणाचा हेतू कर्जाला तारण असावे एवढाच आहे, जमीन गिळणे हा नव्हे. तेव्हा मुदत टळली तरी मुद्दल, व्याज व खर्च देऊन ऋणकोला आपली जमीन सोडवून घेता आली पाहिजे. या सोडवणुकीच्या हक्काला नाव पडले ‘इक्विटी ऑफ रिडेम्प्शन’. आता हा हक्क अनंतकाळ उघडा राहिला तर सावकार अडकून पडणार. म्हणून त्याला अर्ज करून तो हक्क संपवून घेण्याची सोय झाली, आणि तिचे नाव ‘फोरक्लोजर’. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ बाहेर ठेवून दार लावून घेणे. कोणाला बाहेर ठेवायचे, तर ऋणकोला, आणि त्याच्याबरोबर समन्यायाला.

पुढे शब्दाचे जे झाले ते भाषेच्या अभ्यासकाने लक्ष देण्याजोगे आहे. ऋणकोचा हा हक्क विकता येई, पुन्हा गहाण टाकता येई, म्हणून त्याची किंमत केली जाऊ लागली. घराच्या किमतीतून देणे वजा केले की उरते ती त्या हक्काची किंमत. हळूहळू हक्क विस्मरणात गेला आणि किंमत तेवढी उरली. विसाव्या शतकातल्या अमेरिकन घरमालकाला ‘इक्विटी’ म्हणजे आपल्या घरातला आपला वाटा, डॉलरमध्ये मोजता येणारा. न्यायाचे नाव रकमेला मिळाले. आणि जी गोष्ट रक्कम होते ती उणेही होऊ शकते. न्याय उणे कसा होईल? पण ‘निगेटिव्ह इक्विटी’ असे म्हणताना मुळात तेच म्हटले जाते, फक्त म्हणणाऱ्याच्या ते ध्यानात नसते.

*

या शब्दातला न्याय परत आणण्याचा एक प्रयत्न आपल्याच मुलखात झाला, आणि त्याचा धागा अमेरिकेशी जुळलेला आहे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकन कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी पत चढली. सावकार मागेल त्याला देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, देणे मात्र जागेवर राहिले. त्यातच तीस वर्षांची मुदत संपलेल्या सारापट्ट्यांची फेरतपासणी होऊन सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताचे आयुष्य तीन वर्षांचे करून टाकले होते. हेतू ऋणकोचे रक्षण करण्याचा, पण परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई, जुने व्याज मुद्दलात मिसळून जाई, आणि न्यायालय खतावरचा आकडा पाहून हुकूमनामा देई. बाजार फुगणे, पत सैल होणे, बाजार बसणे, कागदावरचा आकडा तेवढा ताठ राहणे : लास व्हेगासची गोष्ट येथे एकशे चाळीस वर्षे आधी घडून गेली होती.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारगावी लोक सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत हे लोण पसरले. या उठावाचे सर्वांत बोलके वैशिष्ट्य असे, की लोकांना हवी होती ती खते. गहाणखते, कर्जरोखे, हुकूमनामे. ती हाती लागली की जाळायची. जेथे ती निमूटपणे मिळाली तेथे बहुधा पुढे फारसे काही झाले नाही.

सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याचा गाभा असा : न्यायाधीशाने खतावरचा आकडा प्रमाण मानू नये. खताच्या पाठीमागे जावे, व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासावा, खरे दिलेले किती आणि व्याजावर चढलेले व्याज किती ते वेगळे करावे, हप्ते बांधून द्यावेत. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. कायद्याला उणिवा होत्याच. सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि गरजूंची पत आटली, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. परंतु तत्त्व स्पष्ट होते. आकडा हा पुरावा आहे, न्याय नव्हे.

आपल्या परंपरेला हे तत्त्व अगदी परके नव्हते. ज्या धर्मशास्त्राने माणूस जन्मतःच ऋणे घेऊन येतो असे मानले, देणे हा नीतीचा विषय केला, त्याच धर्मशास्त्राने दामदुपटीचाही नियम सांगितला : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. देणे पवित्र आहे, म्हणूनच त्याला हद्द आहे.

*

१९३३ ची अमेरिका. आधीच्या दशकातली घरकर्जे बहुतांशी तीन ते पाच वर्षांच्या मुदतीची असत. तोवर व्याज भरायचे आणि मुदत संपली की कर्ज नवे करून घ्यायचे. मंदीत बँकाच बुडू लागल्या आणि नवे करून देणारे कोणी उरले नाही. दररोज सुमारे हजार घरांवर जप्तीची कारवाई होऊ लागली. आयोवातल्या ल मार्स गावी त्या एप्रिलमध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी जप्तीचे खटले चालवणाऱ्या न्यायाधीशाला न्यायासनावरून ओढून नेले आणि त्याच्या गळ्यात दोर अडकवला. तो वाचला ते थोडक्यात. कित्येक गावांत लिलावाला शेजारीपाजारी जमून चार-चार पैशांची बोली लावत, परक्याला बोलू देत नसत, आणि घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत करत. सुप्याच्या माणसांना हे सारे समजावून सांगावे लागले नसते.

मिनेसोटा राज्याने त्या वर्षी कायदा करून लिलावानंतर घर सोडवण्याची मुदत वाढवण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. मिनियापोलिसच्या ब्लेसडेल दांपत्याचे घर ३,७०० डॉलरच्या देण्यापायी लिलावात गेले होते. न्यायालयाच्या मते पडत्या काळातही त्याची किंमत ६,००० डॉलर होती, पण सोडवायला लागणारा पैसा कोठूनही उभा राहत नव्हता. न्यायालयाने मुदत वाढवली आणि दरमहा ४० डॉलर भरायला सांगितले. सावकार संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, कारण करारांना बाधा आणणारे कायदे राज्यांनी करू नयेत असे संविधानाचे कलम आहे. ८ जानेवारी १९३४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी मुदतवाढ वैध ठरली. सरन्यायाधीश ह्यूज यांच्या निकालाचा आशय असा, की आणीबाणी नवे अधिकार निर्माण करत नाही, पण असलेले अधिकार वापरण्याचे कारण ती ठरू शकते.

जून १९३३ मध्ये केंद्र सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापन केले. थकलेले कर्ज हे महामंडळ सावकाराकडून आपल्या रोख्यांच्या बदल्यात घेई आणि घरमालकाला पंधरा वर्षांच्या मुदतीने, पाच टक्के व्याजाने, मुद्दलासह हप्त्यांत फेडायचे नवे कर्ज देई. नवे कर्ज ठरवलेल्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक नसे, त्यामुळे कित्येक सावकारांना आपल्या आकड्यातला काही भाग सोडावा लागला. १९३६ पर्यंत सुमारे ३ अब्ज डॉलरची दहा लाखांहून अधिक कर्जे अशी बदलली गेली. त्यांतल्याही साधारण पाचव्या हिश्श्याची घरे पुढे गेलीच. चार वाचली. १९५१ मध्ये महामंडळ बंद झाले तेव्हा सरकारला त्यात म्हणावा असा तोटा आलेला नव्हता. या महामंडळाने दिले काय? पैसा दिलाच, पण मुख्यतः वेळ दिला. १९३४ नंतर दीर्घ मुदतीचे, हप्त्याहप्त्याने मुद्दलासह फिटणारे कर्ज ही अमेरिकेची रीत झाली. विली लोमनचे कर्ज पंचवीस वर्षे चालते आणि हप्त्याने फिटते, यातले सुख आणि त्यातली शोकांतिका, दोन्ही त्याच शतकाची आहेत.

हे चित्र निष्कलंक नाही. याच महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना जोखमीचा लाल रंग दिला. पुढे कर्जांना विमा देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने अशा वस्त्यांना दशकानुदशके दाराबाहेर ठेवले. शतक पालटताना त्याच वस्त्यांत महागडी, फसवी कर्जे अधिक खपवली गेली. समन्याय वाटतानाही तो सर्वांना सारखा वाटला गेला नाही, हे विसरून १९३३ चे गुणगान करता येणार नाही.

*

आता त्या बंद दाराकडे येऊ. अमेरिकन दिवाळखोरी कायद्यात न्यायाधीशाला एक अधिकार आहे : तारणाची किंमत देण्याहून कमी झाली असेल, तर देण्याचे दोन भाग करायचे. किमतीएवढा भाग तारणावरचा, उरलेला विनातारण, म्हणजे बहुतांशी सुटलेला. खताच्या पाठीमागे जाण्याचाच हा एक प्रकार. सुटीतल्या घरावरचे कर्ज, भाड्याने द्यायला घेतलेल्या घरावरचे कर्ज असे कापता येते. १९८० च्या दशकात शेतजमिनींचे भाव कोसळले तेव्हा काँग्रेसने १९८६ मध्ये शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण करून त्यांच्या शेतावरचे व घरावरचे कर्जही कापण्याची मुभा दिली. ते प्रकरण तात्पुरते होते. २००५ मध्ये ते कायम झाले, आणि ज्या कायद्याने ते कायम केले त्यानेच सामान्य माणसाची दिवाळखोरी अधिक कडक केली.

फक्त एका मालमत्तेला हा नियम लागू नाही : मालक जिच्यात राहतो ते घर. १९७८ च्या संहितेत हा अपवाद घातला गेला आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. कारण असे, की घरकर्जाला संरक्षण दिले तर घरकर्ज स्वस्त मिळेल. हेतू चांगलाच. परिणाम असा, की दोन घरे असलेल्याचे दुसरे घर न्यायाधीशाला वाचवता येते, एकच घर असलेल्याचे एकुलते एक घर वाचवता येत नाही.

मार्च २००९ मध्ये प्रतिनिधिगृहाने हा अपवाद काढणारे विधेयक मंजूर केले. ३० एप्रिल रोजी ते सिनेटमध्ये ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडले. त्याआधी सहा महिने, ऑक्टोबर २००८ मध्ये, बँकांना वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद झालेली होती. २००९ च्याच फेब्रुवारीत शिकागोच्या सौदाबाजारातून दूरचित्रवाणीवर एका वार्ताहराने शेजाऱ्याचे घरकर्ज आपण का फेडावे असा संतप्त सवाल केला, आणि भोवतालच्या सौदागरांनी त्याला टाळ्या दिल्या. बँकेला दिलेला पैसा ‘व्यवस्थेसाठी’ होता. शेजाऱ्याला सोडलेला पैसा ‘चुकीला बक्षीस’ ठरला. फॅनी आणि फ्रेडीच्या नियामकाने जुलै २०१२ मध्ये मुद्दल कमी करायला नकार दिला तो याच भीतीने, की मग भरू शकणारेही भरणे थांबवतील.

भीती निराधार नव्हती. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाण्याखालच्या बहुसंख्य लोकांनी भरणे थांबवलेच नाही. ॲरिझोनातले कायद्याचे प्राध्यापक ब्रेंट व्हाइट यांनी २००९ मध्ये मांडले, की कोरड्या हिशेबाने ज्यांनी घर सोडायला हवे तेही सोडत नाहीत, कारण लाज, अपराधभाव आणि भय. देणे बुडवणे अनैतिक आहे असे त्या काळच्या एका पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितले. अब्रू ही काही आपल्याकडचीच मक्तेदारी नाही. घरावर जप्तीची पाटी लागणे आणि चावडीवर दवंडी पिटणे यांत फरक फक्त आवाजाचा आहे.

धनिकांना मात्र ही लाज शिवलेली दिसत नाही. मॅनहॅटनमधली स्टायव्हेसंट टाउन ही वसाहत २००६ मध्ये ५.४ अब्ज डॉलरना घेणाऱ्या बड्या गुंतवणूकदारांनी जानेवारी २०१० मध्ये ती धनकोंच्या हवाली केली. त्याला व्यवहारी निर्णय म्हटले गेले. घरकर्ज देणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना, जिच्या प्रमुखांनी घर सोडून जाणारे लोक आपल्या मुलाबाळांना काय शिकवण देतात असे विचारले होते, तिने २००७ मध्ये ७९ दशलक्ष डॉलरना घेतलेले वॉशिंग्टनमधले आपले मुख्यालय २०१० मध्ये ४१.३ दशलक्षांना विकून टाकले. एकाच कृतीला दोन क्रियापदे होती. माणूस ‘पळ काढतो’, कंपनी ‘बाहेर पडते’.

*

सुप्याच्या शेतकऱ्याला खत कोठे आहे ते ठाऊक होते. सावकाराच्या पेटीत. ते जाळता येत होते. २०१० मधल्या अमेरिकन ऋणकोचे खत हजारो खतांत मिसळून, त्यांचे रोखे बनून जगभर विकले गेले होते. हप्ता घेणारी कंपनी वेगळी, कर्जाचे मालक वेगळे, आणि एकमेकांना न ओळखणारे. त्या शरद ऋतूत उघडकीस आले, की बँकांचे कारकून न वाचता हजारो प्रतिज्ञापत्रांवर सह्या करत होते. तेव्हा कित्येक घरमालक न्यायालयात उभे राहून एवढेच म्हणू लागले : मूळ खत दाखवा. एकाने खत जाळले, दुसऱ्याने ते पाहायला मागितले. मागणे दोघांचे एकच होते. माझे देणे नेमके कोणाला आणि कशाबद्दल, हे कोणी तरी माणसाच्या तोंडाने मला सांगावे. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड नगरीने २०१३ मध्ये तर घरे नव्हे, ती कर्जेच सार्वजनिक हितासाठी योग्य मोबदला देऊन संपादन करण्याचा बेत आखला. बँका आणि गुंतवणूकदार विरोधात उभे राहिले आणि तो बारगळला.

२०१२ नंतर भाव चढू लागले. पाण्याखालची बहुतेक घरे पुढच्या दशकभरात वर आली. ज्यांना थांबता आले त्यांचे नुकसान काळाने भरून काढले. ज्यांची घरे २००९ ते २०११ या तळाच्या वर्षांत लिलावात गेली त्यांचे नुकसान कायमचे झाले. त्यांतली हजारो घरे नंतर मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी स्वस्तात घेऊन भाड्याने दिली. म्हणजे प्रश्न अखेर तोच होता, जो १९३३ मध्ये होता आणि चॅन्सरीपुढेही होता. मुदत टळलेल्या माणसाला आणखी थोडा वेळ द्यायचा की नाही? किंमत पडल्याचा तोटा कोणाला तरी सोसावाच लागतो. तो कोणी सोसायचा हे गणिताने ठरत नाही. गणित तुटीची रक्कम तेवढी सांगते.

आता वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर. विलीने घर विकले नाही, कारण त्याच्या लेखी ते घर रक्कम नव्हते. त्याने स्वतःच्या हाताने त्याची डागडुजी केली होती, मागच्या अंगणात रात्री विजेरी घेऊन बी पेरले होते. त्याची खरी चूक दुसरीच होती. त्याने स्वतःलाच रक्कम मानले आणि विम्याच्या आकड्याशी आपली तुलना केली. त्या तुलनेत त्याला आपली किंमत देण्याहून कमी दिसली. वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे पाण्याखाली घर नव्हते, तो होता.’’ मी फळ्यावर ‘इक्विटी’ हा शब्द लिहिला, आणि त्याच्याखाली ‘समन्याय’ लिहिले. तास संपला होता. पुढच्या तासाच्या शिक्षकांनी फळा पुसण्यापूर्वी त्या मुलाने दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतलेले मी पाहिले.